दुसऱ्या संघाच्या बाकावर

सुनेत्रा : पडदे परत ओढलेस तू?

रुचिर : ग्लेअर येतो आई. समुद्रावरून.

सुनेत्रा : समुद्र दिसावा म्हणून तर सिंगापूरला आल्यावर बाबांनी मरीन परेडला घर घेतलं. तू आल्यापासून बघतेय, दिवसाढवळ्या तिन्हीसांज. बाबा सकाळी कंपनीच्या बसला निघताना चाचपडत बूट घालतात.

रुचिर : बाबा काही बोलले नाहीत.

सुनेत्रा : ते कधी बोलतात? तू बोल. उजेड कधीपासून टोचायला लागला तुला?

रुचिर : टोचत नाही गं. सवय गेलीय. तिकडे सगळा विंटर आम्ही आतच असतो. बस, हॉटेल, बर्फाचं रिंक.

सुनेत्रा : बरं. पोहे गार होतायत. काल बाल्कनीत कोणाशी बोलत होतास एवढा वेळ?

रुचिर : टीमचा मॅनेजर. पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट देतायत. एका वर्षाचं. शुक्रवारपर्यंत सांगायचंय.

सुनेत्रा : मग?

रुचिर : हो म्हणणार. व्हिसा पण राहील त्याच्यावर.

सुनेत्रा : एकोणतीस पूर्ण झाली तुला.

रुचिर : आइस हॉकीत डिफेन्समनला ते काही जास्त नाही. फॉरवर्ड लवकर संपतात, त्यांना पळायचं असतं. आमचं काम म्हणजे गोल होऊ द्यायचा नाही. कोण कुठून येणार ते आधी कळायला लागतं. त्याला डोकं लागतं.

सुनेत्रा : डोक्याबद्दलच विचारणार होते.

रुचिर : म्हणजे?

सुनेत्रा : फेब्रुवारीत त्या उंच मुलानं तुला कोपऱ्यात रिंकच्या काचेवर आपटलं, त्याबद्दल.

रुचिर : तुला कोणी सांगितलं?

सुनेत्रा : सांगणार कोण? मी बघितलं.

रुचिर : कुठे बघितलंस?

सुनेत्रा : इथेच, या टेबलाशी. तुमची संध्याकाळची मॅच म्हणजे आमची सकाळ. बाबा गेलेले असतात. मी चहा घेते आणि लॅपटॉप उघडते.

रुचिर : तू मॅचेस बघतेस?

सुनेत्रा : तू अमेरिकेत खेळायला लागल्यापासून. चित्र अडकतं मधेमधे. तुला ढकलतायत आणि तेवढ्यात गोल गोल फिरायला लागतं ते चक्र. मग मी उठून भांडी घासते.

रुचिर : पण तू तर म्हणायचीस, मला बघवत नाही.

सुनेत्रा : नाहीच बघवत. म्हणून आवाज बंद ठेवते. आवाज असला की माणूस काचेवर आदळलेला ऐकू येतो. बंद केला की काचेच्या टाकीतले मासे बघितल्यासारखं वाटतं. तेवढं चालतं मला.

रुचिर : थांब. आइसिंग म्हणजे काय, सांग.

सुनेत्रा : परीक्षा घेतोयस? आपल्या अर्ध्यातून तो चपटा रबरी पक मारला, तो कोणाला न लागता थेट पलीकडच्या टोकाला गेला, की शिट्टी. मग पक परत तुमच्याच गोलापाशी आणतात आणि तुम्हाला माणसं बदलू देत नाहीत. तरी तू करतोस ते. दमलास की करतोस.

रुचिर : माय गॉड. आई, एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?

सुनेत्रा : आई बघतेय म्हटल्यावर तू सांभाळून खेळला असतास. आणि सांभाळून खेळणाराच जास्त लागून घेतो, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा जेमतेम या ओट्याएवढा होतास.

रुचिर : फेब्रुवारीचं तसं काही मोठं नव्हतं. असं होतं खेळात.

सुनेत्रा : तू पडलास. थोड्या वेळानं उठलास. मी म्हटलं, उठला, देवा. मग तू निघालास ते त्यांच्या बाकाकडे. तुमचे कपडे निळे, त्यांचे पांढरे. तू त्यांच्या बाकाचं दार उघडत होतास, रुचिर. त्यांच्यातल्याच एकानं खाली उतरून तुझ्या खांद्याला धरलं आणि तुला वळवलं. त्या मुलाचं तोंड मी अजून विसरले नाही. तो तुला हसला नाही.

रुचिर : मला ते आठवत नाही.

सुनेत्रा : माहीत आहे मला. मी नंतर फोन केला तेव्हा विचारलं, कशी झाली मॅच? तू म्हणालास, हरलो आई, इट्स ओके. तुम्ही जिंकला होतात.

रुचिर : असं म्हणालो मी?

सुनेत्रा : मी म्हटलं, बरं, जेवून घे. आणि फोन ठेवला. तेव्हापासून वाट बघतेय तू कधी सांगतोस याची.

रुचिर : बाबांना माहितेय?

सुनेत्रा : त्यांना म्हटलं, डोळे दुखतात म्हणून पडदे ओढतो. त्यांनी सगळ्या खोल्यांतले दिवे बदलून पिवळे आणले. काय ते समज. डॉक्टर काय म्हणाले?

रुचिर : कोणते डॉक्टर?

सुनेत्रा : दाखवलं असशीलच कुणाला तरी.

रुचिर : हो. बाहेर एकांना दाखवलं. टीमला नाही सांगितलं. त्यांना म्हटलं, आता दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, हे तिसरं कन्कशन आहे, मेंदूला मार बसलेला. चौथं झालं तर काय होईल सांगता येत नाही. त्यांनी मला उलटे महिने म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, असे. मी ऑगस्टला अडकलो. मग मी मनातल्या मनात मराठीत म्हटले, भाद्रपद, श्रावण, आषाढ, तू शिकवलेले. ते आले. पण ते त्यांना काय सांगणार?

सुनेत्रा : आणि तरी हो म्हणणारेस.

रुचिर : नाही म्हटलं तर मी राहू कुठे?

सुनेत्रा : म्हणजे काय? हे घर आहे.

रुचिर : घर तुमचं आहे. तुमच्याकडे पीआर आहे, इथे कायम राहायची परवानगी. माझ्या पासपोर्टवर टूरिस्टचा शिक्का मारतात, एका महिन्याचा. खालच्या हॉकर सेंटरमधला तो नूडल्सवाला अंकल मला अजून बॉय म्हणतो, जास्त मिरची घालतो. आणि एअरपोर्टवर मला विचारतात, परत कधी जाणार.

सुनेत्रा : ते तुझ्या हॉकीपायीच झालं.

रुचिर : माहितेय गं.

सुनेत्रा : आम्ही पीआर घेतलं तेव्हा तुलाही मिळालं असतं. मग अठराव्या वर्षी इथल्या सैन्यात दोन वर्षं काढावी लागली असती. बाबा म्हणाले, एवढे दिवस बर्फ सुटला तर पोरगा संपला. म्हणून तुला वगळलं. बाकीची मुलं डोकं भादरून, खांद्याला पिशवी लावून जायची तेव्हा इथल्या बायका मला विचारायच्या, तुमचा कधी? मी म्हणायचे, तो बाहेर असतो.

रुचिर : मी ब्लेम नाही करत आई. मीच मागितलं होतं ते. पण बघ ना. अमेरिकेत खेळतोय तोपर्यंत अमेरिका. त्याआधी कॅनडात खेळत होतो तोपर्यंत कॅनडा. पासपोर्ट इंडियाचा, आणि पुण्यात मी मे महिन्याच्या सुट्टीशिवाय कधी राहिलो नाही. मी जिथे आहे तिथे खेळतो म्हणून आहे. नाही खेळलो तर कुठेच नाही.

सुनेत्रा : एवढंच कारण आहे?

रुचिर : अजून काय असणार?

सुनेत्रा : ते तूच सांगायचंस. पोहे बाजूला सारलेस म्हणून विचारते.

रुचिर : तुला ते वर बोलावल्याचं आठवतं?

सुनेत्रा : न आठवायला काय झालं? तू फोन केलास, आई, मोठ्या लीगमधे बोलावलंय, उद्या खेळणार. बाबांनी त्या दिवशी रजा टाकली. इतक्या वर्षांत तापातसुद्धा न टाकलेली रजा. दोघं सकाळी आंघोळी करून टीव्हीसमोर बसलो. अख्खी मॅच बघितली. तू दिसेचना. बाबांना वाटलं आपण नंबर चुकीचा ऐकला.

रुचिर : नंबर बरोबर होता. त्यांच्या एका डिफेन्समनची पाठ धरली होती, म्हणून मला बोलावलं. रात्रभर गाडी चालवून गेलो. जर्सीवर मागे माझं आडनाव होतं. सगळ्यांबरोबर वॉर्म-अपला बर्फावर गेलो. काय बर्फ होता आई. आमच्या लीगमधे बर्फ खडबडीत असतो, पक उड्या मारतो. तिथे पासला आवाजच नव्हता. खुर्च्या अर्ध्या रिकाम्या, लोक पॉपकॉर्न घेऊन येत होते. एक म्हातारी बाई काचेला नाक लावून माझं आडनाव वाचायचा प्रयत्न करत होती. देवस्थळी. तिला काही जमेना. मी तिला काचेवरून एक पक दिला.

सुनेत्रा : मग?

रुचिर : मग आत आलो. तो पाठवाला म्हणाला, मला बरं वाटतंय, मी खेळतो. कोच मला म्हणाले, सॉरी किड. मी जर्सी काढून दिली. ती मॅच मी वरच्या बॉक्समधून बघितली, सूट घालून. दुसऱ्या दिवशी परत खाली पाठवलं.

सुनेत्रा : तू फोनवर म्हणालास, कोचनं वेगळी टीम खेळवली.

रुचिर : तेच झालं ना. वॉर्म-अप मोजत नाहीत. रेकॉर्डमधे मोठ्या लीगच्या पानावर माझं नावच नाही. शून्यसुद्धा नाही. शून्य मिळायला पण एकदा खेळायला लागतं.

सुनेत्रा : आणि अजून बोलावतील असं वाटतं तुला.

रुचिर : नाही बोलावणार. मला माहितेय. पण खेळतोय तोपर्यंत, टेक्निकली, बोलावू शकतात. फोन वाजला की अजून वाटतं. आता लोक इन्शुरन्स विकायला फोन करतात, तरी वाटतं.

सुनेत्रा : कॅरननं मला एकदा फोन केला होता. तू पहिल्यांदा कॅनडात तिच्या घरी राहायला गेलास त्या हिवाळ्यात.

रुचिर : कॅरन? काय म्हणाली?

सुनेत्रा : म्हणाली, तुमचा मुलगा माझ्याकडे छान राहतो, शाळेत जातो, जेवतो. फक्त झोपेत काहीतरी बोलतो, रोज तेच, आणि मला त्याचा अर्थ कळत नाही, म्हणून आमच्या घरात काही कमी आहे का ते विचारायला फोन केला. तिनं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. मला म्हणून दाखवलं. आई, पंका बन कर.

रुचिर : पंखा बंद कर.

सुनेत्रा : तिथे उणे तीस होतं. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. आणि तू झोपेत या घरातला पंखा बंद करायला सांगत होतास.

रुचिर : तू तिला काय सांगितलंस?

सुनेत्रा : म्हटलं, तो म्हणतोय, छान झोप लागलीय. आणखी एक पांघरूण द्याल का त्याला? तिनं दिलं. चांगली बाई. तुझी पहिली दाढी तिनं बघितली. तुझा आवाज फुटलेला मी फोनवर ऐकला, मला वाटलं राँग नंबर लागला.

रुचिर : मग तेव्हा परत का नाही बोलावलंस?

सुनेत्रा : तुला यायचं होतं?

रुचिर : त्या पहिल्या वर्षी, रोज. बॅग कॉटखाली भरलेली असायची. मला वाटायचं तू म्हणशील. एकदा जरी म्हणाली असतीस ना, ये, तर आलो असतो.

सुनेत्रा : माहीत होतं. म्हणूनच नाही म्हटलं.

रुचिर : रोज फोनवर हवा-पाणी विचारायचीस फक्त.

सुनेत्रा : हवा-पाणी विचारताना आवाज नीट राहतो. बाकी काही विचारलं असतं तर तुला कळलं असतं. बाबा मला बेडरूममधे नेऊन सांगायचे, सुनेत्रा, आज बोललीस तसंच उद्या बोल. एक वर्ष निभावलं की पोरगा रुळेल. रुळलास. पुढे तर सुट्टीतही यायचा नाहीस, म्हणायचास, कॅम्प आहे.

रुचिर : कॅम्प असायचा.

सुनेत्रा : असेल ना. मी कुठे नाही म्हणतेय? आता ऐक. तेव्हा म्हटलं नाही ते आता म्हणते. जाऊ नकोस.

रुचिर : आई.

सुनेत्रा : कुठे राहशील ते मला माहीत नाही. काय करशील तेही नाही. पण त्या मॅनेजरला शुक्रवारी नाही म्हणून सांग. मी परत या टेबलाशी बसून तुला दुसऱ्यांच्या बाकाकडे जाताना बघणार नाही.

रुचिर : इथे जुरोंगच्या रिंकवर हौशी लोकांचा क्लब आहे. मी विचारलं होतं, कोच म्हणून घेता का. कॅन लाह, जमेल की, म्हणाला तो, पण फक्त संडेला. माझा इथे कामाचा पास काढावा एवढं मोठं काम नाहीये त्यांच्याकडे.

सुनेत्रा : म्हणजे तू विचारून आलास. मॅनेजरला हो म्हणणार होतास ना?

रुचिर : दोन्ही करत होतो.

सुनेत्रा : अजून कोणाला विचारलंस?

रुचिर : कोणालाच नाही. एक आहेत, नामग्याल म्हणून. लेहला शाळेत पीटी शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुठून तरी नंबर मिळवून फोन केला होता. म्हणाले, इंडियन पासपोर्टवर हॉकीचा पगार घेणारा डिफेन्समन आहे असं ऐकलं, खरं आहे का? मी म्हटलं, खरं आहे. मग म्हणाले, एकदा इकडे या, आमच्या मुलामुलींना शिकवायला कोणी नाही, व्हिडिओ बघून शिकतात.

सुनेत्रा : तू काय म्हणालास?

रुचिर : म्हटलं, सीझन संपला की बघतो. सीझन संपला की मी परत ट्रेनिंग करायचो.

सुनेत्रा : तिथे शिक्का लागतो का?

रुचिर : लेहला? नाही. तिथे मी इंडियनच आहे.

सुनेत्रा : मग खा आता ते पोहे. आणि फोन कर त्यांना.

(तीन आठवड्यांनी. रविवार सकाळ, जुरोंगचं आइस रिंक. सुनेत्रानं सलवार-कमीजवर रुचिरचं जाड जॅकेट घातलं आहे, पायांत भाड्याचे स्केट्स. ती कठड्याला धरून उभी आहे. रुचिर बर्फावर.)

रुचिर : कठडा सोड आई. माझे हात धर.

सुनेत्रा : पाय माझे नाहीतच असं वाटतंय. लोक बघतायत.

रुचिर : कोणी बघत नाही. त्या बाजूला अख्खा बर्थडे पडलाय, बघ. गुडघे वाकव. अजून. ओट्याखालचा डबा काढताना वाकतेस तशी.

सुनेत्रा : हं. अशी?

रुचिर : परफेक्ट. आता पाय उचलू नकोस, नुसते बाहेर ढकल. मी ओढतो.

सुनेत्रा : हळू. आणि तू उलटा का चाललायस? सरळ चाल की.

रुचिर : हेच तर माझं काम. डिफेन्समन उलटाच जातो. समोरून येणाऱ्याकडे तोंड ठेवून मागे मागे. मला तसंच बरं जमतं.

सुनेत्रा : तुझ्या मागे कोण आहे ते तुला दिसत नाही.

रुचिर : कळतं. तू माझ्याकडे बघ. खाली बघितलंस की पडशील.

सुनेत्रा : मॅनेजरनं परत फोन केला होता का?

रुचिर : नाही. शुक्रवारी नाही म्हटलं तेव्हा त्यांनी थँक्यू म्हटलं. खूप चांगलं बोलले. सोमवारी माझ्या जागी दुसऱ्याला घेतल्याची बातमी होती. तेवीस वर्षांचा आहे. चांगला खेळतो तो.

सुनेत्रा : वाईट वाटलं?

रुचिर : दोन दिवस झोपलो ना मी. तू जेवायला उठवत होतीस. अजून पहाटे जाग येते आणि वाटतं, आज प्रॅक्टिसला उशीर झाला. मग पंख्याचा आवाज येतो.

सुनेत्रा : लेहला ऊन फार असतं म्हणे. डोकं दुखेल.

रुचिर : आता कमी झालंय. काळा चष्मा घेतलाय. आणि कोचला कोणी आपटत नाही. बर्फ डिसेंबरशिवाय नाही. रिंकला छप्परपण नाही आई, संध्याकाळी मैदानात पाणी सोडतात आणि सकाळी गोठलेलं असतं. तोपर्यंत मुलं चाकांच्या स्केट्सवर शिकणार. नामग्याल म्हणाले, सगळ्यांना फॉरवर्डच व्हायचंय, मागे उभं राहायला कोणी तयार नाही.

सुनेत्रा : तू तयार कर.

रुचिर : बाबांनी काल मला हातमोजे दिले. त्यांच्या प्लँटवर त्या अतिगार टाक्या असतात ना, त्यांना हात लावायचे. कोपरापर्यंत येतात. म्हणाले, लेहला लागतील.

सुनेत्रा : स्टोअरच्या माणसाला तीनदा विचारून नवी जोडी आणलीय त्यांनी. नाही म्हणू नकोस.

रुचिर : नाही म्हणणार. ते बघ, काचेमागे उभे आहेत. त्यांना हात कर.

सुनेत्रा : हात कुठून करू? दोन्ही तुझ्याकडे आहेत. आम्ही दिवाळीत येऊ म्हणतोय तिकडे. बाबा विमानाच्या वेळा बघत होते.

रुचिर : दिवाळीत नुसती थंडी असेल. जानेवारीत या. बर्फ बघायला.

सुनेत्रा : आता मला बर्फ कशाला बघायचाय? तू असशील ना तिथे.

रुचिर : असेन.

सुनेत्रा : मग दिवाळीतच येतो. हे वळण आलं. इथे काय करायचं?

रुचिर : काही नाही. मी वळतो, तू आपोआप वळशील. बघ. वळलीस.

सुनेत्रा : वळले खरी.

रुचिर : आई, तू आता नीट उभी आहेस. मी नुसतं धरलंय. सोडू का हात?

सुनेत्रा : उभी राहीन, कळतंय मला. पण एवढी फेरी होऊ दे.